सासऱ्यांनी तपासलेली वेबसाइट

सहा वर्षांनी पुन्हा नोकरी शोधायला लागले, तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीही नव्हतं. आधी आठ वर्षं सॉफ्टवेअरच लिहिलं होतं, पण ते सगळं कंपनीचं. लॅपटॉप परत केला आणि त्याबरोबर माझं कामही गेलं. मग मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण. आता रेझ्युमे पाठवत होते आणि मला कुणी कुत्रं विचारत नव्हतं.

मैत्रीण म्हणाली, स्वतःची वेबसाइट कर, लोकांना काम उघडून बघता येऊ दे. ठेवायला एकच गोष्ट होती. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत पाणी कमी असलं की एकेका टॉवरला पाळीनं सोडतात. गार्डनं पाणी सोडताना बटण दाबलं की आता पाळी कुणाची, हे फोनवर दाखवणारं एक पान मी बनवलं होतं. सातव्या मजल्यावरून दर वेळी गार्डला विचारायला उतरायचा मला वैताग आला होता, एवढंच त्यामागचं कारण.

माझे सासरे मूळचे नागपूरचे, इथल्या एका मंत्रालयात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. स्क्रीनवर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून अख्ख्या वेबसाइटची प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसले.

"'अत्यंत उपयुक्त', 'नावीन्यपूर्ण'. हे कोण म्हणालं?"

"मीच लिहिलंय, बाबा."

"अच्छा! म्हणजे स्वतःच्या गोपनीय अहवालात स्वतःच शेरा मारायचा?"

सगळी विशेषणं गेली. मग समासात प्रश्न उगवले. 'हे एकटीनं केलंस?' 'गार्डनं बटण दोनदा दाबलं तर?' आणि 'साबणाचं प्रकरण कुठे आहे?'

साबणाचं प्रकरण म्हणजे माझी चूक. पहिल्याच आठवड्यात माझ्या पानानं दोन टॉवरांना एकदम 'तुमची पाळी' असं सांगितलं होतं. पाणी एकाला आलं. दुसऱ्यातले लोक अंगाला साबण लावून बसले.

"बाबा, स्वतःच्या चुका कोण दाखवतं?" मी चिडलेच.

"फाइलवर नाही ते झालंच नाही, बेटा. मग तू दुरुस्त केलंस, तेही झालं नाही." पेन्सिलीला टोक करत ते पुढे म्हणाले, "मसुदे मी लिहायचो, जायचे साहेबांच्या सहीनं. तुझं तरी तुझ्या नावावर असू दे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी चूक लिहिली, दुरुस्तीही लिहिली.

नोएडातल्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. निघताना बाबांनी तीच प्रिंट, पेन्सिलीच्या खुणांसकट, फाइलमध्ये घालून हातात दिली. आता हे बाड कुठे मिरवू, असं पुटपुटत मी ती बॅगेत कोंबली.

मुलाखत घेणारी माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान होती. त्यांच्या ऑफिसच्या नेटवर्कवर अनोळखी साइट बंद, माझी उघडेचना; फोन तर गेटवरच जमा करून घेतला होता. "कोई बात नहीं, ऐसे ही बता दीजिए," ती म्हणाली. सहा वर्षांत कामाबद्दल मी घराबाहेर एक वाक्य बोलले नव्हते. बॅगेतली फाइल काढून पुढे केली.

"ये पेंसिल से किसने लिखा है?"

"ससुरजी ने."

ती हसली, आणि एकेका मराठी प्रश्नावर बोट ठेवून अर्थ विचारू लागली. साबणापाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. कागदाच्या कोऱ्या पाठीवर मी आकृती काढली, चूक कुठे होती ते दाखवलं, आणि दाखवता दाखवता कळलं की मला हे अजून येतंय. नोकरी मिळाली.

नवरा चिडवतो, वेबसाइट उघडलीच नाही आणि नोकरी लागली. पण वेबसाइट नसती तर छापलं काय असतं? आणि बाबा नसते तर तिच्यात विशेषणांशिवाय काय असतं? त्या पेन्सिलीचे माझ्यावर उपकार आहेत.

रुजू झाले त्या आठवड्यात साइटच्या तळाशी एक ओळ घातली: 'तपासणी: माझे आदरणीय सासरे', आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती ओळ बराच वेळ वाचली. मग पेन्सिल उचलून 'आदरणीय'वर काट मारली. नावाला हात लावला नाही.