मर्टलबाईंची जखमवही

बॅलीहर्न गावच्या मोटारसायकल शर्यतीत कुणाला नुसतं खरचटलं तरी मर्टलबाई गिलक्रिस्ट वही उघडत. क्लबच्या चिटणीसपदाचं त्यांचं हे एकतिसावं वर्ष. नाव, वेळ, काय लागलं, आणि अर्ध्या तासाने माणूस कसा आहे, एवढं त्या लिहायच्या. एका पानावर ‘गांधीलमाशी, डावा कान, ३.१०’ अशी नोंद आहे. दुसऱ्यावर पाद्रीबाबांच्या पायावर चहा सांडल्याची. लोक हसायचे. “मर्टल, मला सकाळपासून शिंका येतायत, लिहितेस का?” असं क्लबचा अध्यक्ष अर्विन मकनीस दरवर्षी विचारायचा, आणि बाई खरोखरच पेन काढायच्या.

हसणाऱ्यांना कारण ठाऊक होतं. बाईंचा धाकटा भाऊ लेस्ली याच रस्त्यावर गिरणीच्या वळणाला घसरला होता. उठला, कपडे झटकले, “काही नाही झालं” म्हणाला, घरी येऊन जेवायला बसला आणि ताटावरच कोसळला. डोक्यात आतल्या आत रक्त साचलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी थांबवलं नव्हतं. पुढच्या वर्षी बाईंनी लाल पुठ्ठ्याची वही आणली. तेव्हापासून ज्याला लागेल त्याला त्या अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवत, मग तो कितीही नामांकित रेसर असो. त्यानंतर बॅलीहर्नच्या शर्यतीत एकही माणूस दगावला नाही.

शर्यत गावच्याच रस्त्यावर व्हायची. जुलैतल्या त्या शनिवारी शेतकरी पहाटेच दूध काढून गाई आत घेत, खांबांना नि फाटकांना गवताचे गठ्ठे बांधत. पण विम्याचा कागद हातात असल्याशिवाय रस्ता बंद करायची परवानगी मिळत नाही. यंदा विमा कंपनीने पाच वर्षांत किती जणांना इजा झाली, त्याची यादी मागवली. बाईंनी तीन संध्याकाळी बसून वही उतरवून काढली. एक ओळ गाळली नाही. पोस्टात पाकीट टाकताना त्यांना अभिमानच वाटत होता.

मे महिन्यात विमा दलालाचा फोन आला.

“एकेचाळीस हजार पौंड म्हणतायत.”

“अहो, गेल्या वर्षी चौदा हजार होते!”

“दर सगळ्यांचेच वाढलेत. पण बाई, तुमच्याकडे पाच वर्षांत दोनशे चौदा जखमी आहेत. शेजारच्या क्लबकडे तीन.”

“तीन? तिथे तर दोन जण मेले!”

“हो. ते दोघं, आणि एकाचा पाय मोडला.”

“माझ्या यादीत गांधीलमाशा आहेत हो!” एवढंच त्यांना सुचलं.

“ते फक्त आकडा बघतात.”

“मग दुसरी यादी पाठवते.”

“तसलं काही करू नका. एकदा कळवलेलं मागे घेतलंत तर लबाडी धरतील.”

माणसं मेलेल्या क्लबाला विमा स्वस्त, आणि जिवंत ठेवणाऱ्याला महाग! हा कसला हिशेब? बाईंना त्या रात्री अन्न गोड लागलं नाही.

क्लबच्या बैठकीत कुणी आवाज चढवला नाही. अर्विन नुसता म्हणाला, “अगं, निदान ती माशी तरी गाळायचीस.”

“चावली होती ना पण,” बाई म्हणाल्या.

“तुझ्या वहीनंच शर्यत बुडवली, मर्टल,” मागून कुणीतरी बोललं. एवढे पैसे क्लबकडे नव्हते. शर्यत रद्द झाली. घरी येऊन त्यांनी वही कपाटात टाकली नि कुलूप लावलं.

शर्यतीचा शनिवार उजाडला. रस्ता उघडाच होता, ट्रॅक्टर चालले होते. सुरुवातीच्या रेषेवरचा क्लबचा जुना फलक उतरवायला अर्विन नि बाई दोघंच आले. खिळा निघाला, फलक सटकला आणि अर्विनच्या डोक्यावर आदळला. तो डोकं चोळत हसला. “काही नाही झालं.”

बाईंनी त्याचा दंड धरला. “खाली बस.”

“अगं, आता कोण वही मागतंय?”

“बस म्हणते ना!”

तो कुरकुरत बांधावर बसला. बाईंनी घड्याळ पाहिलं, दहा चाळीस. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या. बाविसाव्या मिनिटाला अर्विनने गिरणीच्या वळणाकडे बघत विचारलं, “लेस्ली अजून आला नाही का गं?”

बाईंनी अँब्युलन्सला फोन लावला.

आणखी अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी बाईंनी कपाट उघडलं. त्या दोनशे चौदा नोंदींच्या खाली लिहिलं: ‘अर्विन मकनीस, डोकं, १०.४०.’ अर्ध्या तासानंतरच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘इस्पितळात. जिवंत.’