मिठाच्या पाण्यावरचा दिवा

चष्मेवाल्यांना विचाराल, तर ते आधी हेच कबूल करतील की वरच्या मजल्यावरच्या नळवाल्यांना ते फारसे ओळखत नव्हते. अकरा वर्षं एकाच जिन्यावरून जा-ये; पण त्यांचं गाव कोणतं, भावंडं किती, काही म्हणजे काही ठाऊक नाही. ठाऊक होतं ते एवढंच, की गळका नळ दिसला की या गृहस्थांचा हात खिशातल्या पान्याकडे जायचा, मग घर कुणाचंही असो.

काम सुटल्यावर नळवाल्यांनी मिठाच्या पाण्यावर दिवा लावायचं मनावर घेतलं. चार काचेच्या बरण्यांत खारं पाणी. प्रत्येकीत तांब्याच्या नळीचा एक तुकडा आणि जस्ताची एक पट्टी. एकीतलं तांबं तारेने दुसरीतल्या जस्ताला जोडायचं आणि दोन टोकांना खेळण्यातला इवलासा दिवा. हा सगळा पसारा स्वयंपाकघराच्या फळीवर.

दिवा काही लागेना.

"मीठ कमी पडतंय," नळवाले म्हणाले.

"अहो, आठवड्यात दोन किलो संपलं! घरात समुद्र आणताय का?" त्यांची बायको, म्हणजे चष्मेवाल्यांच्या वहिनी, कडाडल्या. "रविवारी माझी बहीण राहायला येतेय. तोवर लागला तर फळी तुमची. नाहीतर बरण्या माझ्या."

नळवाल्यांनी चष्मेवाल्यांना वर बोलावलं. चारही बरण्या तळाशी जाड रबरी नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या.

"या कशाला?"

"पाणी सगळीकडे एका पातळीत नको? चाळीस वर्षं हेच केलंय."

चष्मेवाल्यांना वाटलं, पाणी एकच झालं तर चार बरण्यांची एकच बरणी नाही का होणार, आणि जोरही एकीचाच? पण नळवाल्याला नळी काढ म्हणणारे आपण कोण, भिंगं पुसणारे! शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच बसला. शुक्रवार गेला, शनिवारही गेला.

रविवारी सकाळी वरून काचांचा खणखणाट ऐकू आला. चष्मेवाले हातातला कप तसाच ठेवून अनवाणी जिना चढले. वहिनींनी पहिली बरणी उचललीच होती.

"वहिनी, एक मिनिट. म्हणजे... माझं चुकत असेल... पण त्या नळ्या काढून बघाव्यात का?"

नळवाले त्यांच्याकडे बघतच राहिले. "नळ्या जोडायलाच लोक बोलवायचे हो मला आजवर," ते पुटपुटले. पण त्यांनी नळ्या उपसल्या, भोकांत बुचं ठोकली आणि पुन्हा पाणी भरलं.

दिवा लागला. लाल, गुंजेएवढा.

"एवढुसा?" वहिनी म्हणाल्या. पण फळी त्यांनीच पुसली आणि आपले डबे मुकाट्याने खालच्या कप्प्यात हलवले. दुपारी बहिणीला दारातच सांगितलं, "फळीला हात लावू नकोस, तिथे यांचं काम चालू आहे."

त्यानंतर दर रविवारी पाणी बदललं जाई आणि नळवाले खाली हाक मारून चष्मेवाल्यांना दिवा बघायला बोलावत. पुढच्या वर्षी नळवाले आणि वहिनी मुलीकडे कायमचे राहायला गेले. टेम्पोत पुढच्या सीटवर, मांडीवर बरण्यांचं खोकं घेऊन बसलेल्या नळवाल्यांनी खिडकीतून विचारलं,

"चष्मेवाले, मोरीतला नळ गळतोय का अजून?"

"नाही. वॉशर बदलला."

"कुणी?"

"मीच."

"हं. घट्ट पिळू नका फार. येतो मग."

"या."