पत्र्यावरची दोरी

अंदमानातल्या आमच्या लॉजसमोर एक नारळवाली बसायची. परतीच्या दिवशी सकाळी वादळाची सूचना आली. आभाळ अजून निळंच होतं, तरी तिनं टपरीच्या पत्र्यावरून दोरी टाकली, खुंटे ठोकले आणि दोरी आवळली. गिऱ्हाइकांशी बोलणं चालूच. घाबरलेली मुळीच नव्हती.

मी खिडकीतून बघत होते. माझीही दोरी बांधलेली होती. घरून निघताना ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या मी दहा दिवसांच्या जास्त घेतल्या. रोजची एक पुरचुंडी, आणि सगळ्या माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. सून हसली होती.

"आई, पाच दिवसांत परत यायचंय. वनवासाला नाही निघालो."

"रामाचा परत यायचा दिवस तरी ठरलेला होता. विमानाचं कोण सांगतं?"

विमान रद्द झालं. उद्याचंही. औषधांची दुकानं बंद झाली. सून फोन घेऊन येरझारा घालायला लागली.

"आई, बाबांच्या गोळ्या?"

"आहेत. बस खाली."

वाईटाचा विचार केला की ते येतं, असं लोक म्हणतात. मला नाही पटत. वादळ कुणाच्या मनात डोकावून येत नाही. आधी विचार केलेला असला की ऐनवेळी हात कापत नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. समोरचा पत्रा खडखडला, पण जागचा हलला नाही. मी सहाव्या दिवसाची पुरचुंडी सोडली आणि ह्यांच्या हातावर गोळी ठेवली.