उत्तमचा बोसा

फोन आला तेव्हा मी पैठण गेटजवळच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलो होतो. एका गालाला साबण, दुसरा गाल गुळगुळीत. पलीकडून कौसल्यावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्यांचं सरलं... तुम्ही या." मी तसाच उठून निघालो. सलूनवाल्यानं हात धरून माझं तोंड पुसलं म्हणून बरं, नाहीतर उत्तम साळवेच्या मयतीला मी साबण लावूनच उभा राहिलो असतो. उत्तमला तेव्हा बोलता आलं असतं, तर माझ्या अर्ध्या दाढीची त्यानं चारचौघांत टिंगल केली असती. आयुष्यभर त्यानं दुसरं केलं तरी काय? दाढी मी दुसऱ्या दिवशी पुरी केली. त्याच्याविषयी लिहायला मात्र इतके आठवडे गेले.

उत्तम म्हणजे शहागंजातल्या आमच्या बँडचा सॅक्सोफोन मास्तर, आणि मी त्याच बँडातला ड्रमवाला. दिवसभर वाळूजच्या कंपनीत मशीनपुढं उभं राहायचं आणि लग्नसराईत संध्याकाळी नवरदेवापुढं. माझ्या पायांच्या नशिबात बसणं नव्हतंच. लासूर स्टेशन, वैजापूर, पिशोर, जिथं सुपारी मिळेल तिथं जायचो. जयंतीच्या मिरवणुकीत तर उत्तमचा सॅक्सोफोन ऐकून लोक गच्च्यांवर यायचे. पण त्याला एक दुःख होतं आणि ते तो लपवत नसे. "आपलं वाजवणं कुणी बसून ऐकत नाय रे," तो म्हणायचा. "नाचत्यात, ढकलत्यात, तोंडात नोट धरून नागीण लाव म्हणत्यात. पण मांडी घालून ऐकलंय का कुणी?" यातल्या 'कुणी'मध्ये पहिला नंबर वहिनींचा होता, हे मला ठाऊक होतं. घरी त्याचा रियाज सुरू झाला की त्यांना नेमकं धुणं आठवायचं. तशा त्या प्रेमळ, पण सगळा संसार त्यांनी उभ्यानं केला. बसा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी बसले तर घर बसंल."

हिवाळ्यात वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे यायचे, तेव्हा एका मोठ्या हॉटेलात उत्तमला वाजवायला बोलावत. तिथले श्रोते बसलेले असत, पण लक्ष ताटात! अशाच एका परदेशी पाहुण्याला त्याचं वाजवणं आवडलं आणि जाताना त्यानं उत्तमच्या हातात एक कॅसेट ठेवली. तिच्यावर 'बोसा नोव्हा' एवढं वाचता येत होतं, बाकीचं सगळं परक्या भाषेत. ए बाजूला हळुवार, रेंगाळणारं वाजवणं, जेवण झाल्यावर कुणीतरी ओसरीत लवंडून गुणगुणावं तसं. बी बाजू उलटी. तिथं लोखंडी पिंपं बडवून काढावेत असे सूर आणि पाय जमिनीवर ठरू न देणारा ठेका. उत्तमनं ठरवून टाकलं की हे सगळं एकाच गावचं आहे. ए बाजू म्हणजे त्या गावातली दुपार आणि बी बाजू म्हणजे तिथली वरात. या समजुतीवर तो कित्येक वर्षं जगला आणि दोन्ही बाजू एकमेकींत मिसळून वाजवत राहिला.

एकदा वैजापूरच्या वरातीत त्यानं ए बाजूची चाल सुरू केली. नाचणारी पोरं जागच्या जागी थांबली. नवरदेवाचा चुलता फेटा सावरत आला. "ओ मास्तर, हे काय लावलंय? पोरांना झोप यायलीय." उत्तमनं तोंडातली नळी न काढता भुवई उडवून मला खुणावलं आणि मी बी बाजूचा ठेका धरला. आमच्या हलगीचा तो सख्खा चुलतभाऊच वाटायचा. मग काय, वर सॅक्सोफोन आपला निवांत झुलतोय आणि खाली चुलत्यासकट सगळी वरात उड्या मारतेय. मी खुशीत होतो. उत्तम मात्र परतीच्या टेम्पोत सॅक्सोफोन पुसत बसला. "पुन्हा नाचलेच ना," तो म्हणाला.

पुढं मोबाईल आले आणि माझ्या मुलीनं एकदा ती कॅसेट ऐकून उत्तमकाकांना नकाशा दाखवला. ए बाजूचं संगीत ब्राझीलचं, बी बाजूचं कॅरिबियन बेटांवरचं. मध्ये कुठलं कुठलं जंगल, वर समुद्र, भाषाही निराळ्या. इतकी वर्षं दोन परक्या मुलखांना आपण एक गाव समजत होतो, हे ऐकून दुसरा कुणी खजील झाला असता. उत्तमनं नकाशा लांब धरला, जवळ धरला आणि मोबाईल तिला परत दिला. "आपल्याकडनं सोयरीक जुळून गेली बाई. आता मोडायची कशाला?" त्याच आठवड्यात त्यानं अल्बम करायचं मनावर घेतलं.

तोवर छातीच्या दुखण्यानं त्याला गाठलं होतं. डॉक्टर म्हणाले, फुंकायचं बंद करा. उत्तम म्हणाला, अल्बम झाला की करतो. सिडकोतल्या एका खोलीएवढ्या स्टुडिओत आम्ही ध्वनिमुद्रण केलं. सॅक्सोफोन त्याचा, हलगी आणि ड्रम माझे. एक गाणं झालं की तो भिंतीला टेकून बसायचा, पाणी प्यायचा आणि मला म्हणायचा, "तू दमलास का? थांबू जरा." मी हो म्हणायचो.

नाव ठरलं 'बोसा'. छापलेलं कव्हर घेऊन तो मोठ्या ऐटीत शेजारच्या हमीदसरांकडे गेला. सर उर्दूचे निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "मास्तर, बोसा का मतलब मालूम है ना? चुम्मा!" मी शेजारीच होतो. नोव्हा म्हणजे नवा, हे मला मुलीकडून कळलेलं, ते मी तत्परतेनं सांगून टाकलं. उत्तम कानापर्यंत लाल झाला. ब्राझीलच्या भाषेत बोसाचा अर्थ निराळा असतो हे आम्हाला नंतर समजलं, पण तोवर बातमी गल्लीभर पसरली होती. नाव बदल म्हटलं तर बदलेना. वहिनींनी त्या अल्बमचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. "ते तुमचं" म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. "या वयात शोभतंय का ह्यांना?"

अल्बम लोकांना ऐकवायचा म्हणून वस्तीतल्या सभागृहात आम्ही छोटा कार्यक्रम ठेवला. उत्तमनं स्वतः खुर्च्या मांडल्या, रांगा सरळ केल्या. लोक आले आणि खरोखर बसले! कुणी नाचलं नाही, कुणी फर्माईश केली नाही. हमीदसर तर डोळे मिटून मान डोलवत होते. मी उत्तमकडे पाहिलं, तर तो मागच्या दाराकडे बघत होता. तिथं कौसल्यावहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यानं विचारलं, "ऐकलंस का?" त्या म्हणाल्या, "ऐकलं की. च्या देता देता." उत्तम हसला. बाहेर आल्यावर मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सगळा हॉल बसला रे... अन् जिच्यासाठी केलं ती उभीच." मी म्हटलं, बसतील कधीतरी. "कधी?" त्यानं विचारलं. पुढचे काही महिने तो घरी रोज अल्बम लावत राहिला आणि वहिनी रोज आत स्वयंपाकघरात काम काढत राहिल्या. मग तो गेला.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं आणि आतून आमचा अल्बम ऐकू येत होता. मी उंबऱ्यातच थबकलो. वहिनी उत्तमच्या खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर, हातात निवडायला भाजीसुद्धा नाही. मनात म्हटलं, उत्तम्या, बसली रे बाबा.

"आवडलं ना वहिनी शेवटी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "मला त्यातलं काय कळतंय भावजी? वाजवणं ऱ्हाऊ द्या. मधी मधी ऐका."

मला काही समजेना. त्यांनी बोट वर केलं. सॅक्सोफोनची एक ओळ संपली, माझी हलगी क्षणभर हलकी झाली आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आधी उत्तमनं श्वास घेतला. खोल, जरा घरघरणारा... तो खोलीतच कुठंतरी उभा असावा इतका जवळून. मी ते गाणं इतक्यांदा ऐकलेलं, पण हे माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं.

"हा," वहिनी म्हणाल्या. "एवढ्यासाठी बसते."

थोड्या वेळानं त्यांना आठवण झाली आणि त्या चहासाठी उठायला लागल्या. मी म्हटलं, "नको वहिनी, बसा." आणि मीही त्यांच्याजवळ खाली बसलो. सॅक्सोफोन वाजत होता, आणि आम्ही दोघं त्याची ओळ संपायची वाट पाहत होतो.