परवाना माझ्या नावाचा

सैन्यातून परत आल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती उल्हासनगरात, एका सराफी दुकानाच्या दारात उभं राहण्याची. अट एकच होती, बंदूक स्वतःची हवी. मी अर्ज केला, चौकशी झाली, परवाना मिळाला आणि बारा बोअरची एक जुनी दुनळी माझ्या नावावर झाली. दिवसभर ती खांद्याला असायची, दुकान बंद झालं की खोळीत घालून घरी न्यायची. आमचं घर एका खोलीचं. बुद्धाच्या तसबिरीशेजारी कपाट होतं, त्यावर ती ठेवायचो. सकाळी पंचशील म्हणताना प्राणिहिंसेच्या पहिल्याच शीलाला बायकोची नजर कपाटावर जायची.

"अगं, चालवायची थोडीच आहे? नुसती दाखवायची," मी म्हणायचो.

चार वर्षं ते खरंही होतं.

दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. माणूस वाईट नव्हता. सणाला घरी मिठाई पाठवायचा, माझ्या बायकोच्या आजारपणात स्वतः रिक्षा घेऊन आला होता. पण त्याला शिकारीचा नाद होता. शिकारीवर बंदी येऊन पंधरा वर्षं उलटली होती, तरी त्याच्याकडे सामान सगळं तयार. दुर्बीण, गुडघ्यापर्यंतचे बूट, काडतुसं खोचायला पट्ट्या शिवलेलं जाकीट, कातडी म्यानातला सुरा. नव्हती ती फक्त बंदूक.

"फौजी, रविवारी चलतोस का? बारवी धरणाच्या बाजूला भेकरं उतरतात."

"शेठ, बंदी आहे."

"अरे, सब जाते हैं. आणि बंदूक तुझी, परवाना तुझा, तू सोबत. कायद्यात बसतंय ना!"

ते कायद्यात बसत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी तेवढं म्हणालो नाही. "बॅटरी घेऊन रात्रीचं नको, दिवसा जाऊ," एवढंच म्हणालो. अट घातली की आपण सुटलो, असं माणसाला वाटतं.

थंडीचे दिवस होते. बदलापूर मागे टाकून आम्ही जीपने बारवीच्या रस्त्याला लागलो. डोंगरातल्या एका वाडीपाशी शेठच्या ओळखीचा वाटाड्या उभा होता. वय पन्नाशीचं, पायात टायरच्या चपला, कमरेला कोयता. अंगात नुसती बंडी, त्यामुळे कुडकुडत होता. शेठने जीपमधला आपला जुना तपकिरी कोट काढून त्याला दिला. त्याने तो घातला, बटणं लावली आणि लाजून हसला. शेठच्या त्या चांगुलपणाचं मलाही बरं वाटलं.

तासभर चढल्यावर एक आटत आलेला नाला लागला. ओल्या मातीत खुरांचे ताजे ठसे होते. वाटाड्याने आम्हाला वरच्या मोठ्या दगडाआड बसवलं.

"मी पल्याडच्या अंगानं हाका घालतो," तो म्हणाला. "जनावर नाल्यातून वर येईल. मी खालीच र्‍हानार."

तो गेला. मी एका नळीत मोठ्या छर्‍यांचं काडतूस भरलं. शेठने हात पुढे केला.

"दे ना. एकदाच."

मी दिली. सैन्यात उस्तादाने आमच्याकडून घोकून घेतलं होतं: आधी दिसलं पाहिजे, मग ओळखलं पाहिजे, मग त्याच्या मागे काय आहे ते पाहिलं पाहिजे, आणि मगच बोट घोड्यावर. मी ते सगळं शेठच्या कानात कुजबुजलो. त्याने मान डोलावली, पण कपाळावर त्या थंडीतही घाम होता.

खालून हाकेचा आवाज येत होता, तो मध्येच बंद झाला. थोड्या वेळाने चाळीसेक पावलांवर करवंदीची जाळी हलली. पानांच्या फटीत तपकिरी पाठ दिसली, भेकराएवढ्याच उंचीवर. पाय दिसत नव्हते, डोकं दिसत नव्हतं. शेठने बंदूक खांद्याला लावली. खटका सरकल्याचा आवाज मी ऐकला.

"थांबा!" मी ओरडलो.

जाळीतली पाठ जागच्या जागी थांबली. आणि बार झाला.

धूर विरायच्या आत जाळीतून माणसाचा आवाज आला. "आये गं!"

मी धावतच पोहोचलो असेन, पण मला आठवतं ते फक्त त्या कोटाचं पितळी बटण आणि त्याच्याखाली पसरत चाललेलं ओलं. मांडीत एक छर्रा होता, कमरेत एक. भेकराने वाट बदलली म्हणून त्याला वरून वळवायला वाटाड्या ओणवा होऊन जाळीतून सरकत होता. शेठ मागे उलट्या काढत होता. मी त्याच्या जाकिटाच्या पट्ट्या सुर्‍याने कापून मांडी आवळली. दोघांनी त्याला उचलून जीपपर्यंत आणलं. शेठ रडत होता, ते खरं रडणं होतं.

बदलापूरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. व्हरांड्यात बसल्यावर शेठचं रडणं थांबलं.

"फौजी," तो हळूच म्हणाला, "बंदूक साफ करताना उडाली म्हण. तुझ्या हातून. माझं दुकान आहे, नाव आहे. तुझं घर मी बघतो."

मला धक्का बसला, पण त्याच्या बोलण्याचा नाही. माझी मान होकारात हलली, त्याचा.

हवालदार आले. मी ठरल्याप्रमाणे सांगू लागलो. त्यांनी परवान्याचं पुस्तक चाळलं.

"साफसफाई जंगलात करता? अहो, परवाना माणसाला असतो, बंदुकीला नसतो. दुसर्‍याच्या हातात गेली की तुम्हीही आरोपी. चला, त्यालाच विचारू."

वाटाड्या खाटेवर शुद्धीवर होता. मला वाटलं, तो म्हणेल बार कुणी केला ते दिसलं नाही. हाका घालणारा तोही गुन्ह्यात होताच, आणि जंगलखात्याची भीती आमच्यापेक्षा त्याला जास्त. पण तो सरळ बोलला.

"बंदूक शेठच्या हातात व्हती. ह्या दादांनी 'थांबा' म्हनून आवाज दिला. मना वाटला, मनाच सांगतात. म्हनून मी थांबलो."

हवालदार लिहून घेत होते. मी खाटेची कड धरून खाली बसलो. तो सरकत राहिला असता तर कदाचित बार मागून गेला असता. ज्या एका शब्दावर मी दिवसभर स्वतःला निर्दोष समजत होतो, त्याच शब्दाने त्याला नळीपुढे उभं केलं होतं. आणि तो मात्र माझ्या बाजूने बोलत होता.

"साहेब, मी खोटं सांगितलं," मी म्हणालो. "पुन्हा लिहा."

तिघांवरही खटला झाला. परवाना रद्द झाला, बंदूक ठाण्यात जमा झाली ती कायमची. दुकानातली नोकरी गेली. पुढे अंबरनाथला एका कारखान्याच्या गेटवर लागलो. कोर्टाच्या तारखेला मी आणि वाटाड्या एकाच बाकावर बसायचो, शेठ वकिलाबरोबर लांब. शेवटी शेठला आणि मला दंड झाला, वाटाड्याला समज देऊन सोडलं. त्याचा पाय मात्र आखडला तो आखडलाच. डोंगर चढणं सुटलं. नंतर तो बदलापूरच्या बाजारात बसून रानभाजी विकायचा, वाडीवरच्या बायका त्याला माल आणून द्यायच्या.

बायकोला मी सगळं सांगितलं, तो शब्दही. वाटाड्या इस्पितळात होता तोवर ती रोज डबा घेऊन जायची, त्याच्या बायकोजवळ बसायची. एकदा परत आल्यावर तिने विचारलं, "तुम्ही नुसता हात धरला असता शेठचा, तर?"

माझा हात शेठच्या कोपरापासून वीतभरही लांब नव्हता.