पिंजऱ्यातलं कूलरचं गवत

बहिणीची मुलगी अकोल्याहून अमरावतीला क्लाससाठी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या एका हातात पुस्तकांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पिंजरा.

"हा तर उंदीर आहे," मी म्हणाले.

"उंदीर नाही वं मावशी, हॅमस्टर आहे."

आमच्याकडे लोक उंदराला पिंजऱ्यात धरतात आणि नाल्यापलीकडे सोडून येतात. ही त्याला पिंजऱ्यात घालून सूर्यफुलाच्या बिया चारत होती. मी कपाळावर हात मारला, पण नाही म्हणाले नाही. एकुलती एक भाची, त्यात डॉक्टरकीची परीक्षा तोंडावर आलेली.

राजापेठेतल्या आमच्या घरून मी डबे देते. घेणाऱ्या बहुतेक क्लासच्या मुली. संध्याकाळी त्या दारात येऊन उभ्या राहतात आणि गप्पा मारत डबे नेतात. अशा घरात जनावराचा वास आला तर संपलंच. मला रात्रंदिवस तीच धास्ती.

उन्हाळा लागला तसा मी कूलर काढला आणि त्याच्या बाजूंच्या जाळीच्या ताट्यांमध्ये नवं गवत भरलं. म्हणायचं गवत, पण असतात ती लाकडाची बारीक कुरळी सालपटं. ताट्या भरून थोडं उरलं. चांगलं नवंकोरं, फेकायचं कशाला? मी पिंजऱ्यातला भुसा काढून ते अंथरलं. वर कूलरच्या पाण्यात टाकायचं खसाचं, म्हणजे वाळ्याचं, सेंट शिंपडलं, जरा सढळ हातानंच. घरभर घमघमाट सुटला.

"घे, तुया उंदराले कूलरची हवा," मी भाचीला म्हणाले. ती हसली. तिचं हसू मला जरा कमी वाटलं, पण मी स्वतःवरच इतकी खूश होते की तिकडे लक्ष दिलं नाही.

नंतर रोज एक गोष्ट घडू लागली. ती सकाळी क्लासला गेली की पिंजऱ्यात गवताऐवजी कागदाचे कपटे दिसायचे आणि गवत कचऱ्याच्या डब्यात. मला वाटलं, पोरीला खेळ सुचतो आहे. मी कपटे काढायची, नवं गवत घालायची, सेंट मारायची. संध्याकाळी तिला ऐकवायची, "पेपर फाडून उकिरडा काहून करून राहिली? अभ्यास कर." ती "हो मावशी" म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपटे.

मग त्या जिवाचे केस गळायला लागले. आधी पोटाखाली, मग पाठीवर. गुलाबी कातडी दिसू लागली. दिवसभर ते मागच्या पायानं अंग खाजवत बसायचं. मी हळद घातलेलं खोबरेल लावून पाहिलं, तर ते जास्तच खाजवायला लागलं. भाची म्हणायची, दवाखान्यात नेऊ. मी म्हणायची, उंदराला कोण दवाखान्यात नेतं?

एका संध्याकाळी डबा न्यायला आलेल्या एका मुलीची नजर पिंजऱ्यावर गेली. "काकू, याचे केस काहून गळून राहिले? खरूज तर नाही?" बाकीच्या माना वळल्या. एकीनं हातातल्या डब्याकडे पाहिलं. मी घाबरले की माझा तोंडाचा पट्टा सुरू होतो.

"त्याले कायची खरूज? हिलेच न्हायाचा कंटाळा. परीक्षेच्या नावाखाली पारोशी बसते. हिच्याच अंगाचं लागलं असंल त्याले."

एक-दोघी हसल्या. त्या सगळ्या भाचीच्याच क्लासमधल्या होत्या. ती पोळ्यांचा डबा हातात घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला आणि आत गेली.

तिच्याबद्दल मी बोलले ते धडधडीत खोटं होतं. ती रोज माझ्याआधी न्हायची. खोटं आहे हे बोलतानाच मला माहीत होतं. तरी मी बोलले, कारण डबे वाचवायचे होते. आणि डबे वाचले, एकही मुलगी तुटली नाही. याची लाज मला त्या बोलण्यापेक्षा जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी ती पिंजरा ओढणीत गुंडाळून अकोल्याच्या एसटीत बसली. "घरी अभ्यास चांगला होते," एवढंच म्हणाली.

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. ती हॅमस्टरला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी म्हणे आधी सगळं विचारून घेतलं. केस गळायची कारणं बरीच असतात म्हणे: अंगात बारीक किडे होतात, बुरशी लागते, पिंजऱ्याच्या गजाला घासून केस जातात, खुराक कमी पडतो, वयानंही गळतात. मग त्यांनी पिंजऱ्यात नाक घातलं आणि फटीत अडकलेलं गवताचं सालपट काढून पाहिलं.

"काहून वं," बहीण म्हणाली, "पिंजऱ्यातून कूलरचा वास कसा काय येते? डॉक्टर म्हणे, हे सेंट अन् हे गवत यानंच कातडी सोलली. साधा कागद घाला म्हणे."

कागद. पोरीनं रोज सकाळी घातलेला कागद मी रोज काढून फेकत होते.

बहिणीला तिनं डब्याच्या मुलींसमोरचं काही सांगितलेलं नव्हतं. ते बहिणीच्या आवाजावरून कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी अकोल्याला गेले. हॅमस्टर कागदाच्या ढिगात झोपलं होतं. पाठीवर मऊ लव आली होती. भाची पुस्तक घेऊन शेजारी बसली होती.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू इतक्या हौसेनं घातलं होतं, मावशी. तुले वाईट वाटलं असतं."

मी तिची माफी मागितली. सरळ, बहिणीदेखत, काय बोलले होते ते सगळं सांगून. बहीण उठून चहा ठेवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भाची म्हणाली, "जाऊ दे ना, मावशी." परीक्षेचं केंद्र अमरावतीचं होतं, म्हणून ती माझ्यासोबत परतही आली. हॅमस्टरला मात्र तिनं आईपाशीच ठेवलं.

घरी आल्यावर मला वाटलं, झालं सगळं पहिल्यासारखं. मी तिच्या आवडीची पातोडीची भाजी केली. डबे भरले. मुली यायची वेळ झाली तशी ती उठली, टॉवेल घेतला आणि न्हाणीघराकडे निघाली.

"सकाळीच तर न्हाली ना तू?" मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "पण मुली येतील ना आता."