किडे भिजेपर्यंत

त्यांचं आडनाव फडके नव्हतं. पण खांद्यावर कायम एक फडकं असायचं, म्हणून पेट्रोल पंपावर कुणीतरी कधीतरी त्यांना फडकेकाका म्हटलं आणि तेच चिकटलं. नवीन लागलेला कॅशियर तर वर्षभर हजेरीच्या वहीतही तेच लिहीत होता. काकांनी कधी खोडायला लावलं नाही. कुणीतरी काहीतरी म्हणून हाक मारतंय, एवढं त्यांना पुरे होतं.

पंपाच्या मागे पत्र्याची शेड, सिमेंटचा उतार, पाण्याची टाकी आणि तीन बादल्या, हे काकांचं राज्य. तिथे ते गाड्या धूत. त्याआधी तेवीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात बसगाड्यांवर रंगाचे फवारे मारले होते. तो कारखाना बंद पडला आणि ते इथे आले. त्यामुळे गाडीकडे बघताना आधी त्यांना धूळ दिसत नसे, रंग दिसे. कुणी घासणी घेऊन मोटरसायकलच्या टाकीवर तुटून पडला की यांच्याच अंगावर ओरखडा उठल्यासारखे ते दचकत.

आणि त्या पंपावर येणाऱ्या मोटरसायकली किड्यांनी माखलेल्या असत. शहराबाहेरचा रस्ता दहा-बारा मैल कालव्याच्या कडेने जाई. दिवस मावळायला लागला की पाण्यावरचे किडे ढगासारखे उठत आणि दिव्याच्या उजेडात शिरत. हेडलाइट, पुढचा मडगार्ड, हेल्मेटची काच, सगळीकडे त्यांचा चिखल. रात्रभरात तो वाळून असा घट्ट होई की नखाने निघत नसे. निघाला तर रंगासकट निघे.

"घासायचं नाही," काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. "भिजवायचं."

त्यांची रीत ठरलेली होती. गाडी आधी सावलीत घ्यायची, तापलेली असेल तर निवू द्यायची. कोमट पाण्यात थोडा साबण, त्यात जुन्या बनियनची फडकी पिळायची आणि आजाऱ्याच्या कपाळावर घडी ठेवावी तशी ती डागांवर ठेवायची. दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग फडकं अलगद उचललं की किडे त्याच्याबरोबरच येत. उरलेसुरले बोटाने पुसायचे. कोपऱ्यातले पाय आणि पंख काढायला मऊ दातांचा ब्रश. शेवटी मेणाचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे पुढच्या खेपेला किडे चिकटले तरी ओल्या हातानेसुद्धा सुटतात.

घरी ते एकटेच होते. बायको गेली होती, म्हणजे लेकीकडे गेली होती. सहा वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून गेली. मग लेकीची रजा संपली. मग जावयाला दिवस-रात्रपाळीची नोकरी लागली. नातू चालायला लागला की येते, असं ठरलं. तो चालायला लागला, पळायलाही लागला. शाळेत घातला की येते, असं ठरलं. आता नातू पहिलीत होता आणि किती दिवसांनी येते हे ठरवणंही दोघांनी सोडून दिलं होतं. भांडण नाही, तंटा नाही, कुणी विचारलं तर सांगायला एक धड कारणही नाही.

रोज दुपारी एकला बायकोचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय विशेष?"

"काही नाही. तिकडे?"

"काही नाही. याला शाळेतून आणायचंय. ठेवते."

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कारण दोन खुर्च्या लागायच्याच नाहीत. संध्याकाळी ते दोन अंडी उकडत आणि पावाबरोबर खात. एकदा सुट्टीच्या दिवशी घसा बसला होता, तर त्यांना ते दुपारी एकला फोन आल्यावर कळलं.

डॉक्टरबाई पहिल्यांदा आल्या त्या एका गुरुवारी सकाळी. गुरांच्या डॉक्टर. वय पस्तिशीच्या आसपास, कातडी बूट, पाठीवर औषधांची पिशवी. कालव्यापलीकडच्या गोठ्यांमध्ये त्यांच्या फेऱ्या असत आणि परतायला रोज तिन्हीसांजा होत. गाडीचा पुढचा भाग बघून काकांनी कपाळाला हात लावला.

"बाई, ही गाडी आहे की किड्यांचं संग्रहालय?"

त्या हसल्या. "मी घासून बघितलं. निघत नाही."

"दिसतंय ना घासलेलं." काकांनी मडगार्डवरच्या बारीक रेघांवरून बोट फिरवलं. "आता घासू नका. बसा. भिजायला वेळ लागेल."

त्या उलट्या बादलीवर बसल्या. काकांनी फडकी लावली. आणि मग दहा मिनिटं काहीच करायचं नव्हतं, म्हणून दोघं बोलायला लागले. आदल्या दिवशी एका गाईने प्लॅस्टिकची पिशवी गिळली होती ते बाईंनी सांगितलं. काकांनी एकदा अख्खी बस चुकून दुसऱ्याच रंगात रंगवली होती ते सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की पंपावरचा माणूस वळून बघायला लागला. काकांना आठवेना, आपलं बोलणं ऐकून याआधी कोण कधी हसलं होतं.

गाडी स्वच्छ झाली. मेणाचा डबा फळीवर होता. काकांनी त्याच्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

त्या क्षणी त्यांनी काही ठरवलं होतं असं नाही. पण पुढच्या गुरुवारी गाडी पुन्हा तशीच माखून आली आणि पुन्हा मेण लागलं नाही. पंपावर येणाऱ्या सगळ्या गाड्यांना ते आग्रह करकरून मेण लावत. या एका गाडीला नाही. दहा मिनिटांची वीस झाली.

"फार चिवट आहेत हो हे," काका फडकं उगाच पुन्हा ओलं करत म्हणायचे. "अजून एक घडी लागणार."

"लागू दे," बाई म्हणायच्या. मग विसाची चाळीस झाली. काका थर्मासमधून चहा आणायला लागले, दोन पेले आणायला लागले. बुधवारी दाढी करायला लागले. गुरुवारी काय सांगायचं ते बाकीच्या दिवसांत मनात गोळा करायला लागले. बाईही भाड्याच्या खोलीत एकट्याच राहत, हे एकदा बोलण्याच्या ओघात निघालं. तेवढं सांगून त्यांनी विषय बदलला, आणि काकांनीही तो धरून ठेवला नाही.

असे सात-आठ महिने गेले.

मग तो गुरुवार आला. फडकी लावून झाली होती, चहा ओतून झाला होता. हेडलाइटच्या कडेला आत थोडे किडे गेले होते. ते ब्रशने सहज निघाले असते. पण काकांना त्या दिवशी बरंच सांगायचं होतं. त्यांनी स्क्रू काढून सगळा हेडलाइटच सोडवला आणि वायरींवर लोंबकळत ठेवला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. एका गोठ्यात गाय पहाटेपासून अडली होती. वासराचे पाय उलटे होते.

"काका, लगेच जोडा. निघायचंय मला."

"हो हो, आत्ता." काकांचे हात चालायला लागले आणि घाईत एक स्क्रू निसटला. टण् टण् करत उतारावरून गेला आणि गटाराच्या जाळीत पडला. काका गुडघ्यांवर बसले, जाळी उचकटली, गाळात हात घातला. मिळेना. डब्यातले दुसरे स्क्रू लावून बघितले, एक जाड, एक आखूड. बाई हेल्मेट घालून उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या घड्याळाकडे बघत राहिल्या. ते काकांना जास्त लागलं. शेवटी त्यांनी तारेने हेडलाइट बांधून दिला. या सगळ्यात पाऊण तास गेला नसेल, पण वीस मिनिटं नक्की गेली.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. शुक्रवारी आल्या, पेट्रोल भरायला. काका शेडमधून धावत गेले.

"त्या गाईचं काय झालं?"

"गाय वाचली. वासरू गेलं."

"माझ्यामुळे?"

बाईंनी टाकीचं झाकण लावलं. "माहीत नाही, काका. मी लवकर पोचले असते तरी कदाचित गेलं असतं. कदाचित नसतं. हे कुणालाच सांगता येणार नाही."

हो म्हणाल्या असत्या किंवा नाही म्हणाल्या असत्या, तर काकांना एक काहीतरी हाताशी मिळालं असतं. ते म्हणाले, "बाई, हेडलाइट काढायची गरज नव्हती. आणि मेण... मी तुमच्या गाडीला कधी मेण लावलंच नाही. लावलं असतं तर किडे दोन मिनिटांत निघाले असते. तुम्हाला इतका वेळ बसावंच लागलं नसतं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

"मग का नाही लावलंत?"

काकांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि नुसतंच हातात धरलं. एवढ्या मोठ्या माणसाने हे कसं सांगायचं? "गुरुवार लवकर संपला असता," ते म्हणाले.

बाईंनी गाडी सुरू केली आणि गेल्या.

त्या दुपारी एकला फोन वाजला तेव्हा काका शेडमध्येच उलट्या बादलीवर बसले होते. जेवणाचा डबा उघडलाही नव्हता.

"जेवलात?"

"नाही."

सहा वर्षांत हे उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. "का हो? बरं नाही का?"

आणि काकांनी सगळं सांगितलं. कालव्याचे किडे, मेणाचा डबा, दोन पेले, गटारात पडलेला स्क्रू, वासरू. अडखळत, मागचं पुढे करत, पण सगळं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण बायकोशी इतकं लांबलचक कधी बोललोच नव्हतो, ती घरात होती तेव्हासुद्धा.

"आता त्या बाई येणार नाहीत?" बायकोने विचारलं.

"काय माहीत."

"तुम्हाला एवढं करमत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग मला का नाही म्हणालात?"

"मला वाटलं, तू येशील."

"मला वाटलं, तुम्ही बोलवाल." ती म्हणाली. "रोज विचारते, काय विशेष. रोज म्हणता, काही नाही. मी समजले, माझ्यावाचून यांचं छान चाललंय. मग कशाला उगाच मध्ये मध्ये यायचं?"

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला. मागे कंप्रेसर धडधडत होता. "ये," ते म्हणाले. "चार दिवस तरी ये."

ती अकरा दिवसांसाठी आली. काकांनी भिंतीला टेकवलेली खुर्ची पुसून पुढे ओढली. पहिले दोन दिवस दोघं पाहुण्यांसारखे वागले. तुम्ही आधी, तू आधी. तिने चहाला आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली.

"अहो, साखर कुठे असते?"

साखरेचा डबा तिनेच विकत आणला होता, तो ठेवायची वरची फळीही तिनेच सुताराकडून ठोकून घेतली होती. काका उठले, खालच्या कपाटातून डबा काढला आणि तिच्या हातात दिला. तिने साखर घातली आणि डबा वरच्या फळीवर, पूर्वी असायचा तिथे ठेवला.

तिला जाणं भाग होतं. नातवाची शाळा होती, लेकीची नोकरी होती. आता काका दर महिन्याला चार दिवस तिकडे जातात. नातू त्यांना फारसा ओळखत नाही, दाराआडून बघतो. बैठकीतल्या सोफ्यावर त्यांना झोप लागत नाही. पण एकच्या फोनवर "काय विशेष" विचारलं की ते काहीतरी सांगतात. नसेल तर शोधून सांगतात.

डॉक्टरबाई दोन महिन्यांनी आल्या. त्या गाडीवरून उतरायच्या आत काकांनी मेणाचा डबा खाली घेतला होता. गाडी भिजवली, पुसली, मेण लावलं. सगळं धरून पंधरा मिनिटं. चहा त्यांनी अर्धा पेला घेतला. एका शेळीला तिळं झाल्याचं सांगितलं. मग घड्याळ बघितलं आणि हेल्मेट चढवलं. आता त्या कधी महिन्याने येतात, कधी दोन महिन्यांनी. किडे खरंच दोन मिनिटांत निघतात.

गुरुवारी सकाळी काका अजूनही दाढी केलेले असतात. बायको परत गेल्यापासून साखरेचा डबा त्यांनी वरच्या फळीवरच राहू दिला आहे. चहा करताना त्यांचा हात आधी खालच्या कपाटाकडे जातो.